वरच्या मजल्यावरच्या घरासाठी सीलिंग टाईल: आधी स्लॅब, मग टाईल

प्रश्न थोडक्यात असा आहे. धनकवडीत चार मजली इमारत, सगळ्यात वरचा फ्लॅट, डोक्यावर उघडी गच्ची. एप्रिल-मे महिन्यात १२ बाय १० ची बेडरूम रात्री अकरा वाजेपर्यंत तापलेली असते आणि आईंना तिथे झोप लागत नाही. दुकानदाराने दोन बाय दोन फुटांची ‘इन्सुलेटेड’ टाईल दाखवली. ठेकेदार म्हणतो, जिप्समचं सीलिंग करू आणि त्यावर थर्माकोल टाकू. यातलं काय घ्यावं? आणि भावाच्या बंगल्यावर पत्र्याची अभ्यासाची खोली आहे, तिला काय करावं?

मी पुण्यात बरीच वर्षं सीलिंग आणि इन्सुलेशनची कामं करतो. माझं उत्तर आधी सांगतो, कारणं मागून देतो. तुमच्या बेडरूमसाठी ग्रिडमध्ये (छताखाली टांगलेल्या धातूच्या चौकटीत) बसणारी १५ मिमीची मिनरल फायबर (खनिज धाग्यांची) टाईल घ्या आणि तिच्यावर ५० मिमी ग्लासवूल, म्हणजे काचेच्या धाग्यांची गादी, सीलबंद पिशवीतली, टाका. थर्माकोल नको. पण हे सगळं गच्चीचं काम झाल्यानंतर. तोपर्यंत सीलिंगला हात लावू नका.

आता कारणं. पुण्याच्या उन्हाळ्यात दुपार कडक असली तरी रात्रीची हवा बऱ्यापैकी उतरते. एप्रिलमध्ये रात्री नऊला बाल्कनीत उभं राहिलं की बरं वाटतं आणि आत आलं की जीव घाबरतो, तो हवेमुळे नाही, स्लॅबमुळे. भर उन्हात काळपट गच्चीचा पृष्ठभाग ६० अंशांच्या आसपास जातो. ती उष्णता पाच-सहा इंच काँक्रीटमधून खाली यायला काही तास घेते, त्यामुळे स्लॅबची खालची बाजू सगळ्यात जास्त तापते ती संध्याकाळी, म्हणजे नेमकी आपण घरी यायच्या वेळेला. मग ती रात्रभर खालच्या माणसावर उष्णता फेकत राहते. पंखा हवा हलवतो, पण छतातून अंगावर येणारा हा झोत तो अडवू शकत नाही. म्हणूनच खोलीतल्या थर्मामीटरवर आकडा फारसा वाईट दिसत नसतानाही आईंना तिथे पडवत नाही.

खर्च करण्यापूर्वी एक तपासणी करा. हार्डवेअरच्या दुकानात किंवा ऑनलाइन साधा इन्फ्रारेड थर्मामीटर मिळतो. संध्याकाळी आठच्या सुमारास तो आधी छतावर रोखा, मग आतल्या भिंतीवर, मग पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीवर. छत आतल्या भिंतीपेक्षा तीन-चार अंशांनी गरम असेल तर सीलिंगचा खर्च सार्थकी लागेल. पश्चिमेची भिंत छताइतकीच तापलेली निघाली, तर नुसत्या सीलिंगने अर्धाच प्रश्न सुटेल. मग त्या भिंतीला आणि खिडकीला बाहेरून सावली लागेल. पैसे गेल्यावर हे कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

टाईलवर ‘इन्सुलेटेड’ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ तपासायचा तर थोडी आकडेमोड हवी. छतातून किती उष्णता आत येते ते यू-व्हॅल्यूने मोजतात: एका चौरस मीटरमधून, एका अंशाच्या फरकाला, किती वॅट. आकडा जितका कमी तितकं छत चांगलं. नुसत्या पाच इंची स्लॅबची यू-व्हॅल्यू सुमारे ३.४ येते, वर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा वॉटरप्रूफिंगचा थर) असेल तर थोडी कमी. नव्या निवासी इमारतींसाठी २०१८ साली आलेल्या केंद्र सरकारच्या इको-निवास संहितेने (ऊर्जाबचतीच्या नियमावलीने) छताची मर्यादा १.२ ठेवली आहे. म्हणजे आपली जुनी छतं त्याच्या जवळजवळ तिप्पट उष्णता आत सोडतात. तुमची खोली सुमारे ११ चौरस मीटर. वरची तापलेली बाजू आणि खोली यांत २० अंशांचा फरक धरला तर उघड्या स्लॅबमधून साडेसातशे वॅटच्या आसपास उष्णता येते. छोटा रूम हीटर छताला उलटा टांगून ठेवल्यासारखंच ते आहे.

त्याच खोलीत खाली पोकळी ठेवून ८ मिमीची पीव्हीसी चढवलेली जिप्सम टाईल बसवली, तर साडेसातशेचे सव्वाचारशे होतात. यातला बहुतेक फायदा पोकळीचा आहे, टाईलचा नगण्य. १५ मिमी मिनरल फायबर टाईल बसवली तर तीनशेच्या आसपास. म्हणजे ही टाईल खरोखर काम करते, हे मान्य करायला हवं. तिच्यावर ५० मिमी ग्लासवूल आलं की उरतात साधारण शंभर वॅट. आणखी ५० मिमी टाकलं तर साठ-सत्तर. शेवटच्या थराचे पैसे पूर्ण लागतात आणि फायदा तीस-चाळीस वॅटचा. म्हणून पुण्यातल्या स्लॅबच्या घराला मी १०० मिमी कधी सुचवत नाही. त्या पैशांत गच्चीला पांढरा थर मारून होतो. हे सगळं ढोबळ गणित आहे, पण निवड करायला एवढं पुरतं.

दुकानात एक गल्लत नेहमी होते, ती टाळा. पत्रकावर एनआरसी ०.६ किंवा ०.७ असा आकडा दाखवून ‘बघा, इन्सुलेशन केवढं’ असं सांगतात. एनआरसी म्हणजे टाईल आवाज किती शोषते त्याचा आकडा. खोलीतला घुमारा त्याने कमी होतो, उष्णतेशी त्याचा संबंध नाही. उष्णतेसाठी विचारायचं ते जाडी आणि उष्णतावाहकता. मिनरल फायबर टाईलची उष्णतावाहकता ०.०५ ते ०.०६ असते, ग्लासवूल आणि रॉकवूलची (रॉकवूल म्हणजे दगडाच्या धाग्यांची गादी) ०.०३५ च्या आसपास, जिप्सम बोर्डाची ०.१६ च्या वर. जाडी मीटरमध्ये घेऊन तिला या आकड्याने भागलं की त्या थराचा उष्णतारोध मिळतो. दोन टाईलची तुलना करायची तर हा भागाकार करा, डिझाइनचं नाव बघू नका.

पण टाईल घेण्याआधी गच्ची. हा भाग मी सगळ्यात कळकळीने सांगतो, कारण सीलिंग बसलं की स्लॅब दिसेनासा होतो. वर कोब्याला तडे असतील तर पावसाळ्यात पाणी मुरतं, सळया गंजतात, गंज फुगतो आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटून खाली पडतात. उघड्या छतावर ओल चढताना दिसते, प्लास्टर फुगताना दिसतं, माणूस वेळीच जागा होतो. सीलिंगच्या वर तेच चार वर्षं कुणाला दिसत नाही. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी सबंध छतावर लाकडी दांड्याने किंवा छोट्या हातोडीने ठोकून बघायला सांगा. जिथे बद्द आवाज येईल तिथलं प्लास्टर काढा, सळई उघडी पडली तर घासून, गंजरोधक लावून, पॉलिमर मॉर्टरने ती जागा भरून घ्या. गच्चीवर वॉटरप्रूफिंग नवं केलं असेल तर पाणी साठवून निदान दोन दिवस चाचणी घ्या. माझी पसंती विचाराल तर एक पूर्ण पावसाळा उघड्या छताने काढा आणि मग सीलिंग करा.

गच्चीतली गळती दुरुस्त करणं सोसायटीचं काम आहे, ते पदरचे पैसे घालून परस्पर करू नका. लेखी अर्ज द्या. त्याच अर्जात गच्चीवर पांढरा, उष्णता परावर्तित करणारा थर मारण्याची परवानगीही मागा. चांगला पांढरा थर उन्हाचा बराच मोठा भाग परत फेकतो, त्यामुळे स्लॅब मुळातच कमी तापतो आणि तापण्या-निवण्याने काँक्रीटला पडणारे बारीक तडेही कमी होतात. खालून केलेलं इन्सुलेशन स्लॅबला यातलं काहीच देत नाही. उलट स्लॅब वरच्या वर थोडा जास्तच तापतो. शक्य असतं तर इन्सुलेशन गच्चीवरच करावं असं मी म्हटलं असतं. पण सामायिक गच्ची, सभेची मंजुरी, टाक्या, पाइप, सोलर हीटरचे स्टँड हे सगळं पाहता फ्लॅटमधल्या माणसाच्या हातात बहुधा खालची बाजूच उरते. पांढरा थर दरवर्षी पावसाळ्यानंतर धुऊन घ्यावा लागतो. धूळ आणि शेवाळ बसलं की त्याचा गुण जातो.

आता टाईल. मिनरल फायबर मी सुचवतो त्याचं एक कारण वर आलं, उष्णतारोध. दुसरं माझ्या दृष्टीने जास्त मोठं आहे: ग्रिडमधली टाईल उचलता येते. वर काही शंका आली तर स्टुलावर चढा, टाईल सरकवा आणि टॉर्चने स्लॅब बघा. वरच्या मजल्याच्या घराला ही सोय मोलाची आहे. अखंड जिप्सम किंवा पीओपीचं सीलिंग दिसायला देखणं असतं यात शंका नाही. हॉलमध्ये तेच हवं असेल तर करा, पण गच्चीच्या पाण्याच्या उताराखाली आणि पाइप जातो त्या कोपऱ्यात उघडता येणारी झडप ठेवायला लावा.

मिनरल फायबरमध्ये ओलाव्याची क्षमता बघा. खोक्यावर आरएच (हवेतली सापेक्ष आर्द्रता, टक्क्यांत) ९० किंवा ९५ असं लिहिलेलं असतं. पुण्याच्या जुलै-ऑगस्टमध्ये दिवसेंदिवस हवा दमट राहते, आणि कमी प्रतीची टाईल मध्यभागी बाक धरते. एकदा बाक धरलेली टाईल परत सरळ होत नाही. आरएच ९५ किंवा त्याहून वरची घ्या. आणखी एक गोष्ट विक्रेत्याकडून लेखी घ्या: टाईलवर इन्सुलेशनचं वजन ठेवलेलं चालतं का? काही कंपन्यांच्या हलक्या टाईलना ते चालत नाही.

बाकीचे पर्याय झरझर सांगतो. पीव्हीसी चढवलेली जिप्सम टाईल पुसता येते, स्वयंपाकघरात चांगली; इन्सुलेशन मात्र सगळं वरून द्यावं लागतं. कॅल्शियम सिलिकेट पाण्याला मजबूत, पण जड. बाथरूमला पीव्हीसी पॅनल पुरेत. छिद्रं असलेली धातूची टाईल ऑफिसात शोभते, झोपायच्या खोलीत मला ती रुचत नाही.

थर्माकोलबद्दल मात्र थांबून बोलायला हवं. उष्णतेच्या हिशेबात थर्माकोल वाईट नाही, ग्लासवूलच्या जवळपासचंच आहे, स्वस्त आहे आणि अंगाला खाजत नाही. अडचण आगीची आहे. शंभर अंशांच्या आतबाहेर ते मऊ पडून आकसतं, आणि पेटलं तर जळते थेंब खाली पडतात आणि काळा, विषारी धूर होतो. सीलिंगच्या पोकळीत वायरी असतात, दिव्यांचे ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारे छोटे डबे) असतात, जोड असतात. झोपलेल्या माणसाच्या डोक्यावर, नजरेआड, हे दोन्ही एकत्र नको. थर्माकोलच्या नक्षीदार टाईल थेट छताला चिकटवतात, त्यांनाही माझा हाच आक्षेप. ग्लासवूल आणि रॉकवूल स्वतः पेटत नाहीत, आणि जिप्सममध्ये रासायनिक रूपात सुमारे वीस टक्के पाणी असतं, ते आगीत वाफ होऊन वेळ मिळवून देतं.

ग्लासवूलचे सुटे धागे त्वचेला आणि घशाला त्रास देतात. म्हणून उघडी गादी कापून पसरू देऊ नका. दोन बाय दोन फुटांचे तुकडे पातळ प्लास्टिकच्या पिशवीत सील करून एका टाईलवर एक असे ठेवायचे, म्हणजे टाईल उचलताना तिचा तुकडाही बाजूला निघतो. कामगारांना मास्क आणि पूर्ण बाह्यांचे कपडे द्या. घनता घनमीटरला २४ किंवा ३२ किलोची पुरते. ती खरी आहे का हे वजनकाट्यावर कळतं: समजा रोल १.२ मीटर रुंद, १० मीटर लांब आणि ५० मिमी जाड आहे, तर २४ किलो घनतेला त्याचं वजन साडेचौदा किलोच्या आसपास भरलं पाहिजे. नऊ-दहा किलो भरलं तर माल हलका आहे, परत करा. ४८ किलोची घनता आवाजासाठी उपयोगी पडते, उष्णतेत तेवढा फरक पडत नाही आणि ग्रिडवर भार वाढतो.

चकचकीत फॉइलबद्दलही बरेच गैरसमज आहेत. तापलेलं छत वर आणि थंड सीलिंग खाली असतं तेव्हा गरम हवा वरच राहते, खाली येत नाही. पोकळीतून उष्णता येते ती मुख्यतः किरणांच्या रूपाने, आणि फॉइल तीच अडवते. पण तिच्यासमोर मोकळी हवा हवी. दोन थरांत घट्ट दाबलेली फॉइल कामाची नाही. वरच्या दिशेला तोंड केलेल्या फॉइलवर वर्ष-दोन वर्षांत धूळ साचते आणि चकाकी गेली की गुणही गेला. फॉइल लावायची असेल तर स्लॅबच्या किंवा पत्र्याच्या खाली, तोंड खाली करून, आणि तिच्याखाली निदान दोन इंच पोकळी सोडून.

उंची मोजल्याशिवाय कोटेशन मागू नका. टाईल तिरकी करून आत घालायला सहा इंच लागतात. स्लॅब साडेनऊ फुटांवर असेल तर सीलिंग नऊ फुटांवर येईल, पंख्याची पाती एक फूट खाली म्हणजे आठ फुटांवर. जमून गेलं. स्लॅब नऊ फुटांवरच असेल तर ग्रिडचा नाद सोडा. तिथे ३० मिमीचा आगरोधक एक्सपीएस (घट्ट फोमचा) बोर्ड स्लॅबला घट्ट बसवून त्याखाली १२.५ मिमी जिप्सम बोर्ड स्क्रूने कसायचा. दीड-दोन इंचांत काम होतं आणि यू-व्हॅल्यू ०.८ च्या आत येते. यात स्लॅब कायमचा झाकला जातो, त्यामुळे वर सांगितलेली ठोकून बघण्याची तपासणी दुप्पट काळजीने करा. आणि एक्सपीएसही थर्माकोलच्याच कुळातलं, तेव्हा जिप्समचं आवरण अखंड हवं आणि वायरी त्या बोर्डातून न नेता भिंतीतून न्यायच्या.

पंखा स्लॅबच्या हुकालाच टांगलेला राहिला पाहिजे, लांब रॉड घालून. ग्रिडला काहीही लटकवू नये. ग्रिडचे टांगे चार फुटांवर असतात, इन्सुलेशन असेल तर मी ते तीन फुटांवर घ्यायला सांगतो. टांगे स्लॅबमध्ये अँकर फास्टनरनेच, लाकडी गुट्टी ठोकून नाही. दिवे शक्यतो ग्रिडमध्ये बसणारे एलईडी पॅनल घ्या. त्यांच्या पाठीवर ग्लासवूल ठेवायचं नाही आणि ड्रायव्हर मोकळ्या हवेत ठेवायचा. सगळ्या वायरी पाइपातून. एसीचा पाइप सीलिंगवरून जात असेल तर त्याला फोमचं आवरण आणि पाण्याच्या नळीला नीट उतार हवा. नव्या टाईलवर पडणारे पिवळे डाग बहुतेक वेळा गच्चीचे नसतात, या नळीचे असतात. आणि भिंतीकडेच्या फटी सीलंटने बुजवा. तिथून उंदरांना वाट मिळते.

भावाच्या पत्र्याच्या खोलीचा मामला निराळा. पत्र्याला वजन नाही, त्यामुळे तो उन्हाबरोबर तापतो आणि सूर्य मावळताच निवतो. तिथे त्रास दुपारचा आणि पावसात आवाजाचा. पत्रे जुने झाले असतील तर तेच काढून ५० मिमी पफ (पॉलियुरेथेन फोम) भरलेले सँडविच पॅनल टाकणं सगळ्यात सरळ. खालच्या सीलिंगचा खर्चच वाचतो. पत्रे चांगले असतील तर आधी वरून पांढरा रंग, मग आतून पत्र्याखाली फॉइल, पोकळी आणि रॉकवूलसह ग्रिड. डिसेंबरच्या पहाटे पत्रा बाहेरच्या हवेपेक्षाही थंड होतो आणि आतून दव धरतो, त्याचे थेंब इन्सुलेशनवर पडतात. म्हणून फॉइलचे सगळे जोड टेपने बंद करा आणि दोन्ही टोकांना जाळी लावलेले हवेचे झरोके ठेवा. पत्रे जुने सिमेंटचे, राखाडी असतील तर त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असणार असं धरून चाला. त्यांना भोकं पाडू नका, घासू नका. टांगे खालच्या लोखंडी फ्रेमला घ्या.

कोटेशन मागताना चौरस फुटाच्या दरात काय काय धरलं आहे ते वेगवेगळं लिहून घ्या: ग्रिड, टाईल, ग्लासवूल जाडी आणि घनतेसह, पंख्याचा रॉड, वायरिंग, जीएसटी. टाईल आणि ग्रिड तुम्हीच भवानी पेठेत टिंबर मार्केटच्या बाजूला चार दुकानं फिरून बघितलेत तर ठेकेदाराच्या दराचा अंदाज येतो. गच्चीचं काम या उन्हाळ्यात, पावसात परीक्षा, आणि सीलिंग जानेवारी-फेब्रुवारीत, असा क्रम ठेवा. तोपर्यंत आईंना दुसऱ्या खोलीत झोपवा, आणि बेडरूमच्या खिडक्या दिवसा बंद आणि रात्री नऊनंतर उघड्या ठेवून एक्झॉस्ट फॅन चालवून बघा. त्यानेही थोडा आराम पडतो. टाईल घेताना त्याच खोक्यातल्या सहा-आठ जास्तीच्या घेऊन माळ्यावर ठेवा, कारण पुढच्या मालाची पांढरी छटा आधीच्या टाईलशी जुळेलच असं नाही.